काताआजीचा दुसरा डोळा

काही घरांत जुने रिमोट साठतात, आमच्या घरात ग्वाटेमालाचे किस्से साठले आहेत. तीन वर्षांत मी तिथे तीन वेळा गेले, दर खेपेला दोन आठवडे. म्हणजे सगळं मिळून दीड महिनासुद्धा नाही. पण लीड्समध्ये कुणाकडे जेवायला गेलो आणि कुणी सहज विचारलं, "मेधा, तुझं ते मिशन कसं झालं गं?" की माझा एक किस्सा संपायच्या आत दुसरा तयार असतो. माझा नवरा श्रीकांत तेवढ्यात उठतो आणि यजमानांच्या किचनमध्ये जाऊन भांडी घासायला लागतो. लोकांना वाटतं, काय गुणी नवरा आहे!

गेल्या महिन्यात तो म्हणाला, "तू हे सगळं एकदा लिहून काढ ना. अर्ध्या लीड्सची भांडी घासून झाली माझी."

म्हणून लिहायला बसले. मी डोळ्यांची सर्जन, मूळची सांगलीकडची, गेली वीसेक वर्षं इथल्या हॉस्पिटलमध्ये. लीड्सचं एक चर्च दर फेब्रुवारीत डॉक्टर-नर्सेसची टीम ग्वाटेमालाच्या डोंगरातल्या एका माया गावात पाठवतं. तिथे चर्चने बांधलेला दोन खोल्यांचा दवाखाना आहे. वर्षातले पन्नास आठवडे तो दवाखाना तोमासा नावाची तिथलीच आरोग्यसेविका एकटी चालवते आणि उरलेले दोन आठवडे आम्ही जाऊन तिच्या कामात अडथळा आणतो. हे वाक्य माझं नाही, तोमासाचं आहे.

*

मी यात कशी आले? ग्रॅहमच्या मोतीबिंदूमुळे.

ग्रॅहम निवृत्त जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. सव्वासहा फूट उंच, शेतकऱ्याच्या घरातला, अस्सल यॉर्कशरचा माणूस, म्हणजे मनात येईल ते तसंच्या तसं बोलणारा. त्याचा मोतीबिंदू मी काढला. ऑपरेशननंतर डोळ्यावर शील्ड लावून चहा-बिस्किट खात बसला होता. मला म्हणाला, "डॉक्टर, तुमचं हे मशीन बंद पडलं तर?"

मी म्हटलं, "तर हाताने करीन. भारतात शिबिरांमध्ये हातानेच शिकलो आम्ही. इथल्या तरुण डॉक्टरांना ते शिकवत नाहीत, लागतच नाही."

त्याने बिस्किट खाली ठेवलं. मग त्या गावाबद्दल सांगितलं. घाटातून मशीन नेणं अवघड, नेलं तरी वीज दिवसातून चार वेळा जाणार, आणि डोळे गेलेली म्हातारी माणसं घराघरात. "येता का आमच्याबरोबर?"

मी म्हटलं, "ग्रॅहम, तुमचं चर्चचं मिशन. मी हिंदू आहे. तीही फारशी शिस्तीतली नाही."

तो विचारात पडला. मग म्हणाला, "आमचं अख्खं चर्च वर्षभर प्रार्थना करतंय, हाताने मोतीबिंदू काढणारा सर्जन मिळू दे म्हणून. धर्म कोणता हवा हे कुणी बोललंच नाही. चूक आमची आहे!"

माझा स्वतःचा जन्म आमच्या तालुक्याच्या मिशन हॉस्पिटलमधला. आईचं बाळंतपण अडलं होतं आणि तिथल्या नर्सबाईंनी दोघींना वाचवलं, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. तेव्हा नाही म्हणायला मला तरी तोंड नव्हतं.

*

निघण्याआधी चर्चच्या हॉलमध्ये पॅकिंगचा दिवस असतो. लीड्सभरातून लोकांनी दिलेले जुने चष्मे खोक्यांमधून येतात आणि ते नंबराप्रमाणे लावून पिशव्यांमध्ये भरायचे असतात. हे काम मॉरीनचं. मॉरीन आयुष्यभर शाळेत स्पॅनिश शिकवून निवृत्त झालेली, आमची दुभाषी. तिचा स्वतःचा चष्मा लांबून ओळखू यावा असा: जांभळी फ्रेम आणि त्यावर बिबट्याचे ठिपके.

पॅकिंग छान झालं. विमानात बसल्यावर मॉरीन पर्स उपसायला लागली. चष्मा नाही! खिशात नाही, गळ्यात नाही. बारीक नंबर वाचताना तो काढून टेबलावर ठेवला होता आणि टेबलावरचं सगळं तिनेच स्वतःच्या हाताने पिशव्यांत भरलं होतं. त्या पिशव्या आमच्या आधीच पुढे गेल्या होत्या आणि आम्ही पोचेपर्यंत चष्मे वाटूनही झाले होते.

चौथ्या दिवशी तिला हात धरून मी बाजारात नेत होते, कारण तिला दगड आणि कुत्रा यांतला फरक दिसत नव्हता. रस्त्याच्या कडेला एक आजोबा सॅडल शिवत बसले होते. डोक्यावर हॅट, वाढलेल्या पांढऱ्या मिशा आणि नाकावर बिबट्याचे ठिपके. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवत होते आणि शेजारच्याला अभिमानाने दाखवत होते.

मी मॉरीनच्या कानात सांगितलं. "मागायचा का?"

ती डोळे बारीक करून त्या दिशेला बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अस्पष्टच दिसतायत, पण माझ्यापेक्षा त्यांना जास्त शोभतोय. चल."

उरलेले दहा दिवस तिने आजोबांना रोज नमस्कार केला. दोनदा तो दुसऱ्याच माणसाला केला.

*

आता आमची बोलायची पद्धत. त्या गावची भाषा माम, ती एक माया भाषा. मी इंग्रजीत बोलणार, मॉरीन त्याचं स्पॅनिश करणार, तोमासा त्याचं माम करणार आणि पेशंटचं उत्तर त्याच रस्त्याने उलटं माझ्यापर्यंत येणार. मी मोजून चार वाक्यं बोलले की तोमासा एक शब्द बोलायची. मी एक शब्द बोलले की ती दहा मिनिटं समजावायची आणि अख्खी रांग माना डोलवायची.

पहिल्या वर्षी पहिल्या सकाळी मी ओपीडीत बसले, तर पेशंट येईना. रांग बाहेर तशीच. शेवटी एका बाईने आत डोकावून मला माममध्ये काहीतरी विचारलं. मी हसले. तिने पुन्हा विचारलं, जरा चिडून. तोमासा धावत आली.

"काय म्हणतेय?"

"विचारतेय, डॉक्टर कधी येणार. आणि तू कुठल्या गावची, की बोलतच नाहीस."

मी पाच फूट उंच, सावळी, लांब वेणी. त्यांच्या हिशेबाने डॉक्टर म्हणजे बाहेर पाण्याचे कॅन वाहून आणणारा सव्वासहा फुटी ग्रॅहम! आठवडाभर ऑपरेशनं मी केली आणि दिसायला लागलेली माणसं दारात ग्रॅहमचे हात हातात घेऊन रडली. अव्होकाडो त्याला, मक्याची कणसं त्याला. शनिवारी एका कुटुंबाने जिवंत कोंबडी आणून त्याच्या काखेत दिली.

ग्रॅहम बिचारा खरंखुरं सांगत होता, "मोतीबिंदूशी माझा संबंध एकदाच आला, तोही पेशंट म्हणून!" मॉरीनने ते स्पॅनिशमध्ये सांगितलं, तोमासाने माममध्ये सांगितलं. कुटुंबाने आपसात विचार केला आणि ग्रॅहमला आणखी एक कोंबडी दिली.

"आता हे काय?" त्याने विचारलं.

तोमासा म्हणाली, "एवढा मोठा डॉक्टर आणि किती नम्र, म्हणतायत."

लीड्समध्येही पहिली कित्येक वर्षं वॉर्डात लोक मला नर्स समजून यॉर्कशरी लाडाने विचारायचे, "डॉक्टर कधी येतायत, लव्ह?" तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. इथे तसं झालं नाही. इथे त्यांनी मला त्यांच्यातली समजून विचारलं होतं आणि मला ते आवडलं.

*

एका दुपारी तोमासाच्या घरी जेवायला गेलो. चुलीवर मातीचा सपाट तवा, भोवती चार बायका मक्याच्या पिठाच्या छोट्या छोट्या भाकऱ्या थापतायत. तो आवाज ऐकून मला राहवेना. मी बाह्या सरसावल्या आणि पिठाचा मोठा गोळा मागितला.

सांगली जिल्ह्याची अब्रू पणाला लागली होती. मी तळहातावर फिरवत, कडेने दाबत, चांगली ताटाएवढी पातळ भाकरी केली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. फुगली! सगळ्या बायका कामं सोडून बघत होत्या. तोमासाच्या आईने भाकरी उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि काहीतरी विचारलं.

"विचारतेय, तुमच्या घरी खाणारी माणसं किती?"

"दोनच. मुलगी एडिनबराला असते, शिकायला."

त्या बायकांची चर्चा झाली. मग सगळ्या एकदम हसल्या.

"आई म्हणतेय, तरीच. बारा थापायच्या त्या जागी एक थापून उठायचं. तुमच्याकडच्या बायका हुशार आहेत!"

*

त्या पहिल्या वर्षीच काताआजी भेटली. तिचं नाव कातारीना, सगळे आदराने दोन्या काता म्हणायचे. मी मनात काताआजी म्हणायला लागले. वय ऐंशीच्या आसपास, नक्की तिलाही माहीत नाही. गावातली सगळ्यात नावाजलेली विणकरीण. उजवा डोळा मोतीबिंदूने पूर्ण गेलेला, डावा अर्धवट, त्यातला मोतीबिंदू तपकिरी झालेला. आम्ही उजवा, म्हणजे जास्त खराब होता तो, आधी केला. छान झाला. दुसऱ्या दिवशी शील्ड काढल्यावर तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, मग ग्रॅहमकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि बोट माझ्यावर ठेवून तोमासाला काहीतरी म्हणाली.

"म्हणतेय, ऑपरेशनच्या वेळी हात छोटे होते. ही डॉक्टर आहे, तो नाही."

अख्ख्या गावात तिने एकटीने ओळखलं होतं! मला इतका आनंद झाला की मी तिचा हात धरून म्हटलं, "आजी, पुढच्या वर्षी येते आणि दुसरा डोळा करते."

मॉरीनने त्याचं स्पॅनिश केलं. तोमासाने त्याचं माम केलंच नाही.

"सांग ना," मी म्हटलं.

"हे नाही सांगणार," तोमासा म्हणाली. "इथे येणारा प्रत्येक जण शेवटच्या दिवशी हेच म्हणतो. दातांचे डॉक्टर म्हणाले, हाडांचे म्हणाले. मग लोक फेब्रुवारीत रस्त्यावर येऊन उभे राहतात आणि त्यांना उत्तर मला द्यावं लागतं. तुम्ही आलात की सांगेन."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. राग आला, खोटं कशाला बोलू. विमानात बसल्यावर कळलं की राग आला कारण मीही ते सहजच म्हटलं होतं.

*

दुसऱ्या वर्षी गेले. तोमासाच्या त्या एका न सांगितलेल्या वाक्यासाठी गेले म्हटलं तरी चालेल. रांगेत पहिला नंबर काताआजीचा. मी काही बोलायच्या आत तोमासा म्हणाली, "थांबा, माझं एक काम राहिलंय." आणि आजीकडे वळून माममध्ये दोन वाक्यं बोलली.

"काय सांगितलंस?"

"तुमचं गेल्या वर्षीचं वाक्य."

आजीला टेबलावर घेतलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, डावा मोतीबिंदू वर्षभरात आणखी कडक झालाय. फार थांबण्यात अर्थ नव्हता. ऑपरेशनआधी ग्रॅहम पेशंटचा हात धरून प्रार्थना करतो. त्याने केली, चांगली लांबलचक. मॉरीनने केली. तोमासाने केली. सगळे आमेन म्हणाले. मग काताआजी उठून बसली आणि म्हणाली, "नाही."

ग्रॅहम गोंधळला. "मग ही प्रार्थना परत घ्यायची की पुढच्या पेशंटला चालेल?"

आजीने शालीतून एक गुंडाळी काढून उलगडली. लाल कापडाचा विणलेला पट्टा, त्यावर पक्षी, घोडे, मक्याची रोपं. तिथल्या बायका अंगात विपील घालतात, म्हणजे हातमागावर विणलेलं पोलकं. दोन पट्टे वेगवेगळे विणायचे आणि मधोमध शिवून जोडायचे. हे विपील साधं नव्हतं. हे तिला मेल्यावर अंगात घालायचं होतं. बायका ते आपलं आपण विणून पेटीत ठेवतात.

पहिला पट्टा तिने पहिल्या ऑपरेशनआधी विणला होता, डाव्या तपकिरी डोळ्याने. मग मी उजवा डोळा साफ केला आणि त्या डोळ्याला दिसलं की पांढऱ्या पक्ष्यांपैकी निम्मे पिवळे आहेत, काळे घोडे निळे आहेत आणि एका जागी हिरव्याच्या ऐवजी भलतंच काहीतरी आहे. मोतीबिंदू पिवळा-तपकिरी झाला की रंग असे फसवतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. असं कापडावर विणलेलं कधी पाहिलं नव्हतं.

ग्रॅहमला उपाय सोपा वाटला. "मग दुसरा पट्टा बरोबर रंगांत विणा!"

आजीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो एक पाऊल मागे सरकला. तोमासाने सांगितलं, "म्हणतेय, मग वर गेल्यावर विचारतील, अर्धं विपील दुसऱ्या कुणा बाईचं उचलून आणलंस? दोन्ही पट्टे सारखे पाहिजेत. पण नव्या डोळ्याला चुका दिसतात, त्याला मुद्दाम चुकता येत नाही. जुन्या डोळ्यानेच विणायला हवं. विणून होईपर्यंत या डोळ्याला हात लावायचा नाही."

"किती दिवस लागतील?"

"रोज थोडं थोडं. जवळजवळ वर्ष."

मी म्हटलं, शहरात डोळ्यांचं हॉस्पिटल आहे, आठ तासांचा बसचा रस्ता. विणून झालं की तिकडे जा, वर्षभर माझ्यासाठी थांबू नका. आजीने मान हलवली. दोन्ही पट्टे एकाच बाईच्या हातचे असावे लागतात. डोळ्यांचंही तसंच.

मग तिने माझ्याकडे एक गोष्ट मागितली: विणताना नवा डोळा झाकायला काहीतरी. मी जन्मभर लोकांचे डोळे उघडण्याचं काम केलं, चांगला डोळा झाकून द्या म्हणणारी ऐंशीची पेशंट ही पहिलीच! लहान मुलांचा आळशी डोळा कामाला लावायला आम्ही चांगल्या डोळ्यावर पॅच लावतो, त्याचं एक मोठं खोकं माझ्या बॅगेत होतं. लीड्सच्या मुलांसाठी बनवलेले, प्रत्येकावर हिरवा डायनोसॉर. मी खोकंच्या खोकं आजीच्या ओटीत घातलं.

*

त्यानंतरचं वर्ष मी लीड्समध्ये होते एवढंच. तोमासा व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायची. क्लिनिकमध्ये दोन पेशंटच्या मध्ये फोन वाजायचा, उघडून पाहावं तर अंगणातल्या झाडाला मागाचा दोर बांधलेला, दुसरं टोक आजीच्या कमरेला, डोळ्यावर डायनोसॉर आणि पट्ट्यावर मापासाठी ठेवलेला तोमासाचा हात. जूनमध्ये चार बोटं. ऑगस्टमध्ये एक वीत. ऑक्टोबरात दीड.

नोव्हेंबरात फोटो यायचे थांबले. मेसेज केले, उत्तर नाही. डिसेंबर गेला, जानेवारी निम्मा गेला. मी घाबरले. ऐंशीची बाई, डोंगरातली थंडी. मी मनात तिच्या अंगावर ते अर्धवट विपील बघायला लागले. श्रीकांत माझी समजूत घालून थकला.

त्यातच ग्रॅहमचा गुडघा गेला. म्हणाला, "यंदा काठी टेकत येईन, पण शेवटचं. माझ्यानंतर हे कोण बघणार माहीत नाही. चर्चमध्ये आता जमतात ती माझ्यापेक्षा म्हातारी."

आणि त्यातच रजेची भानगड! फेब्रुवारीत शाळांची हाफ टर्म, म्हणजे सत्राच्या मधली सुट्टी, त्यामुळे सगळ्यांना तेव्हाच सुट्टी हवी. आमच्या ड्युट्यांचा तक्ता बघणारी फियोना म्हणाली, "सलग दोन वर्षं तुला फेब्रुवारी दिला. या वर्षी दुसऱ्याला. कारण काय आहे तुझं?"

मी सांगायला सुरुवात केली. पिवळे पक्षी, निळे घोडे, दुसरा पट्टा, पॅच. तिने शांतपणे ऐकलं.

"म्हणजे तुझ्या पेशंटने ऑपरेशन एक वर्ष पुढे ढकललं, कारण तिला चुकीच्या रंगांत कफन विणायचंय?"

"हो."

"आणि ते विणून झालंय का, हे तुला माहीत नाही?"

"ती आहे का, हेही माहीत नाही."

फियोनाने स्वतःच्या नावापुढचे दोन आठवडे खोडले आणि माझं नाव लिहिलं. "मी मुलांना ईस्टरला नेईन," ती म्हणाली. "पण परत आल्यावर पहिला फोटो मला दाखवायचा."

*

घाट चढून जीप गावात शिरली तेव्हा मी खिडकीतून मान बाहेर काढून बघत होते. दवाखान्याच्या पायरीवर तोमासा. शेजारी एक छोटीशी आकृती, डोळ्यावर डायनोसॉर!

मी उडीच मारली. "तोमासा! फोन का नाही उचललास?"

"फोन पाण्याच्या टाकीत पडला."

"तीन महिने?"

"अजून तिथेच आहे," तोमासा म्हणाली. "टाकी खोल आहे."

मी तिथेच पायरीवर बसून रडले. काताआजीने माझ्या पाठीवर दोन थापट्या मारल्या आणि शालीतून विपील काढून माझ्या मांडीवर ठेवलं. दोन्ही पट्टे पूर्ण, मधोमध शिवलेले. मी चष्मा लावून चूक शोधत बसले. जिथे डावीकडचा पक्षी पिवळा, तिथे उजवीकडचाही पिवळा. जिथे घोडा निळा, तिथे निळा. एक धागा इकडचा तिकडे नाही.

दुसऱ्या सकाळी टेबल मांडलं. ग्रॅहमने काठी भिंतीला लावून प्रार्थना केली, या खेपेला अगदी छोटी. आमेन झाल्यावर आम्ही सगळे थोडा वेळ थांबलो. आजी उठली नाही.

मोतीबिंदू गुळाच्या खड्यासारखा कडक आणि तसाच तपकिरी. मी इतकी हळू काम करत होते की मॉरीनने दोनदा विचारलं, सगळं ठीक ना. मध्ये वीज गेली. तोमासाने न सांगता टॉर्च धरला. निघाला, पूर्ण निघाला. मी हातमोजे काढले.

तिसऱ्या सकाळी आजीच्या अंगणात गेलो. ऊन पडलं होतं. शेजारपाजारच्या बायका आधीच जमल्या होत्या. आजीने विपील दोरीवर टांगून ठेवायला सांगितलं होतं. मी शील्ड काढलं, डोळा पुसला. तिने आधी एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा झाकून, मग दोन्ही उघडे ठेवून विपीलसमोर जाऊन उभी राहिली.

पक्ष्यांवरून बोट फिरवलं. घोड्यांपाशी थांबली. कापड उलटं करून मागची बाजू पाहिली. मला वाटलं, हिचं वर्ष मी वाया घालवलं, आता हे तिला दोन्ही डोळ्यांनी मरेपर्यंत दिसत राहणार.

मग ती एकच वाक्य बोलली आणि सगळ्या बायका हसत सुटल्या. एकीने तर खाली बसकण मारली. तोमासाला हसू आवरेना. तिने कसंबसं मॉरीनला सांगितलं, मॉरीनने तोंडावर हात घेतला.

"अगं, काय म्हणाली?"

"म्हणतेय, असल्या रंगांत मी मरणार नाही."

आजी घरात गेलीसुद्धा. बाहेर आली ती सुताच्या गुंड्यांची टोपली घेऊन आणि उन्हात बसून रंग वेगळे करायला लागली. पांढरा इकडे, पिवळा तिकडे. मान वर न करता आणखी काहीतरी बोलली.

"नवीन घेतेय विणायला," तोमासा म्हणाली. "दोन पट्टे. दोन वर्षं लागतील, म्हणतेय."

मी ग्रॅहमकडे पाहिलं. तो काठीवर हनुवटी टेकून सुताकडे बघत होता.

"पुढच्या वर्षी येते," मी म्हटलं.

मॉरीनने त्याचं स्पॅनिश केलं आणि तोमासाने लगेच ते आजीला सांगून टाकलं.